रेषा आखण्यापूर्वी

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या इस्लामपूर परिसरातील शेतकऱ्याला कालव्याचे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही. पाणी चढ चढत नाही, म्हणून पाटाच्या खालचे रान भिजते आणि वरचे रान कोरडे राहते, एवढे त्याला पुरते ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कराडजवळ खोडशी येथे कृष्णेला बांध घालून डाव्या तीरावर कालवा काढण्यात आला. त्याच्या खालच्या गावांचे नशीब उजळले. वरच्या माळरानांना मात्र ताकारीसारख्या उपसा योजनेची वाट पाहण्यात शतकाहून अधिक काळ घालवावा लागला. वारणेवरील धरण खुजगावला व्हावे की चांदोलीला, या वादाने सांगली जिल्ह्याचे राजकारण कित्येक वर्षे ढवळून निघाले. धरण अखेर चांदोलीला झाले. परंतु तेथील विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळले. नकाशावरची रेषा बोटभर इकडे की तिकडे, हा प्रश्न वरवर अभियंत्याचा दिसतो. वस्तुतः कोणाला मिळणार आणि कोणाचे जाणार, याचाच तो निवाडा असतो.

पाटाच्या बाबतीत जे खरे, तेच जहाजांच्या कालव्याच्या बाबतीतही खरे आहे. फरक असतो तो चुकीच्या किमतीचा. पनामाचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि फर्दिनांद द लेसेप्स यांचे नाव जगभर दुमदुमले. दहा वर्षांनी पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी पनामाच्या संयोगभूमीतूनही समुद्रसपाटीवरचाच कालवा खोदण्याचा आग्रह धरला. सुएझची भूमी सपाट वाळवंटाची होती; पनामात आडवा डोंगर होता आणि पावसाळ्यात उफाळणारी चाग्रेस नदी होती. त्या नदीला बांध घालून सरोवर निर्माण करावे व जलपाशांच्या साहाय्याने जहाजे पायरीपायरीने वर चढवावीत, असा पर्याय गोदें द लेपिने या अभियंत्याने त्याच परिषदेत मांडला होता. पण विजयी पुरुषाच्या तेजापुढे साध्या हिशेबाला कोण विचारतो? १८८१ मध्ये काम सुरू झाले. पीतज्वर, हिवताप व अपघात यांनी अंदाजे वीस हजारांवर माणसांचा बळी घेतला, आणि १८८९ मध्ये कंपनी बुडाली. पुढे अमेरिकेने १९१४ मध्ये जो कालवा पुरा केला, तो सरोवराचा व जलपाशांचाच होता.

त्या अमेरिकेनेही मार्ग निवडला तो निव्वळ शास्त्राच्या आधारे नव्हे. निकाराग्वा की पनामा, हा वाद १९०२ मध्ये सिनेटपुढे होता. फ्रेंच कंपनीच्या मालमत्तेत हितसंबंध गुंतलेल्या ब्युनो-वारिया यांनी निकाराग्वाचे एक टपाल तिकीट सिनेटरांना वाटले. त्यावर धुमसत्या ज्वालामुखीचे चित्र होते! निर्णय पनामाच्या बाजूने लागला. तो योग्य ठरला असे म्हणता येईल. परंतु योग्य निर्णयही हितसंबंधियांच्या खटपटीतून व्हावा, हे लोकशाहीला भूषणावह खासच नव्हे.

भारतापुढील उदाहरण सेतुसमुद्रमचे. पाल्कची सामुद्रधुनी उथळ असल्याने पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांना श्रीलंकेला वळसा घालावा लागतो. तो वाचविण्याची पहिली सूचना १८६० मध्ये टेलर या नौदल अधिकाऱ्याने केली. १९५५ मध्ये नेमलेल्या रामस्वामी मुदलियार समितीने सेतूच्या सरकत्या वाळूतून मार्ग काढण्याची कल्पना सोडून द्यावी, असे बजावले होते. तरीही अनेक पर्यायांतून निवडलेला सहाव्या क्रमांकाचा मार्ग नेमका सेतूतूनच जाणारा निघाला. १६७ किलोमीटर लांबीच्या, १२ मीटर खोलीच्या या २,४२७ कोटी रुपयांच्या योजनेचा शुभारंभ २ जुलै २००५ रोजी झाला. पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने केला होता.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. श्रद्धेचा प्रश्न उभा राहिला, ३१ ऑगस्ट २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेतूला धक्का लावण्यास मनाई केली, दुसऱ्या मार्गाच्या विचारासाठी २००८ मध्ये पचौरी समिती नेमली गेली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने सेतूला बाधा आणणारा मार्ग घेणार नाही असे न्यायालयास सांगितले. २०२३ मध्ये तमिळनाडू विधानसभेने योजना पुन्हा हाती घेण्याचा ठराव केला. या गदारोळात तीन साधे प्रश्न मागे पडले. दूरदेशीच्या जहाजांचा वेळ खरोखर किती वाचणार? दरवर्षी साचणारा गाळ उपसण्याचा खर्च कोण सोसणार? आणि मन्नारच्या आखातातील २१ बेटांच्या प्रवाळांचे व त्या पाण्यावर पोट भरणाऱ्या मच्छीमारांचे काय होणार? हे प्रश्न आस्तिकाचे नाहीत की नास्तिकाचे नाहीत. ते हिशेबाचे आहेत. त्यांची उघड उत्तरे शुभारंभापूर्वीच मागितली गेली असती, तर समुद्रात पैसा ओतून काम थांबविण्याची पाळी कदाचित आली नसती.

कृष्णाकाठाने याचा बोध घेण्याची वेळ आली आहे. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याच्या योजनांची चर्चा सुरू आहे. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीला सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी २०२४ पासून विरोध केला. पाणी वळवू नये, रस्ते बांधू नयेत, असे कोणी समंजस माणूस म्हणणार नाही. पण एकच रेषा आखून ती ‘विकास’ या नावाने पुढे करणे, आणि तिला हरकत घेणाऱ्यास विकासाचा शत्रू ठरविणे, ही रीत बदलली पाहिजे. निदान तीन पर्यायी मार्ग, प्रत्येकाचा खर्च, बुडणारी वा तुटणारी जमीन व मिळणारा लाभ, हे सारे मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजे. तेही मोजणीचे खुंट ठोकण्यापूर्वी. ज्याने पर्याय फेटाळला, त्याने कारणासह सही करावी.

यात वेळ जाईल, असे म्हटले जाईल. खोडशीच्या पाटावरच्या माळरानाने शंभर वर्षे वाट पाहिली, चांदोलीच्या विस्थापितांनी कित्येक दशके पाहिली. सरकारी कचेरीने सहा महिने पाहण्यास हरकत कोणती? कागदावरची रेषा खोडायला रबर पुरतो. जमिनीत खोदलेली रेषा खोडायला पिढ्या पुरत नाहीत.