"आमच्याकडे तर उघडून राहिली ना, साहेब!"

हे वाक्य ज्या दिवशी देशभरातल्या सर्व्हिस सेंटरांतून हद्दपार होईल, त्या दिवशी मी गांधीबागेत पेढे वाटीन. (बरं, नागपुरात आहोत, संत्रा बर्फी म्हणा.) आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही ह्याचा सख्खा भाऊ आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय." पण आमच्याकडे निदान हे बोलणाऱ्याला बाकीचे हसतात. गाड्यांच्या धंद्यात त्याचं बिल लागतं.

प्रकरण असं. माझ्या मामांचं गांधीबागेत कापडाचं होलसेल दुकान आहे. वय अडुसष्ट. गाडी दोन वर्षांची, चावी खिशातच ठेवून उघडणारी. दाराच्या हँडलवरचं बारकं बटण दाबलं की उघडते, परत दाबलं की बंद होते. दुकान वाढवून निघताना ही गाडी कधी उघडायची, कधी नाही. घरी मात्र कायम शहाण्या बाळासारखी!

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. पहिल्या खेपेला चावीतला सेल बदलला. दुसऱ्या खेपेला स्कॅनर लावला, "एकही कोड नाही" म्हणाले आणि गाडी धुऊन परत दिली. तिसऱ्या खेपेला म्हणे नवी चावी घ्या, साडेअकरा हजार. त्यानेही नाही झालं तर मॉड्यूल बदलून पाहू. बदलून पाहू! म्हणजे पैसे मामांचे आणि पाहणार हे. आणि जॉब कार्डावर काय लिहिलं? "ग्राहकास चावी वापरण्याची पद्धत समजावून सांगितली."

मला खरी चीड आली ती ह्या ओळीची. चाळीस वर्षं बाजारात उभा असलेला, कापड नुसतं बोटांत धरून भाव सांगणारा माणूस. तो मला विचारतो, "काऊन रे, मले आता चावीबी वापरता येत नाही का?" गाडी बंद केल्यावर तीन-तीनदा मागे येऊन हँडल ओढून बघायला लागले होते. मामी म्हणायला लागल्या, "ह्यांचं आजकाल लक्षच नसते." यंत्राचा बिघाड सापडला नाही म्हणून तो सरळ माणसाच्या वयाच्या खात्यावर टाकून मोकळे. साडेअकरा हजारांपेक्षा हे नुकसान मोठं, आणि ते कुठल्याच बिलात दिसत नाही.

आता जरा यंत्राकडे बघू, कारण चिडून दार उघडत नाही.

हँडलचं बटण दाबलं की गाडी आपल्या अँटेनातून एक हाक मारते. ही हाक कमी फ्रिक्वेन्सीची असते, साधारण १२५ किलोहर्ट्झ, आणि मुद्दामच मीटर-दीड मीटरपर्यंत पोचेल एवढीच. चावी ती ऐकते आणि "मी इथंच आहे" असं सांकेतिक उत्तर देते. हे उत्तर मात्र दुसऱ्या वाटेने जातं, बऱ्याच गाड्यांत ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास. उत्तर जुळलं की दार उघडतं. चावीवरचं रिमोटचं बटण दाबलं तर हाकेची भानगडच नाही, चावी थेट ह्या दुसऱ्या वाटेने बोलते.

आता सांगा मंडळी, चावीने हाक ऐकलीच नाही तर गाडीच्या दृष्टीने काय झालं? काहीच नाही! चावी जवळ नाही, एवढंच. येता-जाता एखाद्या पोराने हँडलचं बटण दाबलं तरी हेच होतं. त्यात बिघाड कसला? मग गाडी कोड नोंदवील कशाला? म्हणजे ज्या बिघाडात स्कॅनर कोराच निघणार, त्याच बिघाडात स्कॅनर कोरा निघाला म्हणून गाडी निर्दोष ठरवली गेली. ठाण्यात तक्रार नाही, सबब गावात चोरी नाही, अशातला हा न्याय.

माझं म्हणणं एका वाक्यात असं: अधूनमधून होणारा बिघाड लहरी नसतो, त्याच्या अटी असतात, आणि त्या अटी शोधणं हेच दुरुस्तीचं काम आहे. पार्ट बदलणं हे त्यानंतरचं काम.

अटी शोधायला काय लागतं? एक वही. मामांच्या दुकानात वह्यांना तोटा नाही. दोन आठवडे रकाने भरले: वेळ, जागा, गाडी नेमकी कुठे उभी होती, हँडलने उघडली का, रिमोटने उघडली का, कोणतं दार, चावी कुठल्या खिशात. मामांनी हे सगळं खतावणीसारखं सुवाच्य अक्षरात लिहिलं. (ज्यांना म्हणे चावी वापरता येत नाही, त्यांनी!)

वहीने एकेकाला सोडून दिलं. रिमोट प्रत्येक वेळी चालला, म्हणजे उत्तराची वाट आणि गाडीचा रिसीव्हर ठीक. हँडलने नाही म्हटलं की सगळ्याच दारांनी नाही म्हटलं, म्हणजे एका हँडलचं बटण दोषी नाही. सेल अशक्त असता तर घरीही कुरकुर झाली असती, त्यातून डिसेंबरच्या पहाटे जास्तच, कारण थंडीत सेलचा दम कमी होतो. तसं काही नाही. मोबाईल आणि चावी एकाच खिशात ठेवू नये असं गाड्यांच्या पुस्तिकांत असतंच. खिसे बदलून पाहिले, फरक नाही. उरलं काय? बिघाड फक्त दुकानासमोर, फक्त दिवेलागणीनंतर, आणि तोही गाडी शेजारच्या दुकानाच्या नव्या चमचमत्या एलईडी बोर्डाला चिकटून लागली असेल तरच. गांधीबागेत गाडी आपल्या मर्जीने लागत नाही, जिथे फट मिळेल तिथे घुसवावी लागते. "कधी कधी" ह्या शब्दाचा उलगडा एवढाच होता!

मग एका रात्री शेजाऱ्यांना विनंती केली. बोर्ड बंद: दहापैकी दहा वेळा उघडली. चालू: दहापैकी दोनदा. परत बंद: दहा. परत चालू: तीन. ना मीटर, ना स्कॅनर. बोर्डातला पॉवर सप्लाय स्वस्तातला होता. असे सप्लाय सेकंदाला हजारो, कधी लाखाच्या घरात चालू-बंद होत काम करतात, आणि गोंगाट गाळणाऱ्या भागांत काटकसर केली की तो गोंगाट बाहेर सांडतो. गाडीची हाक त्यात बुडत होती. शेजारच्या चौकात लग्नाचा बँड सुरू असताना कोणी हळूच नाव घेऊन बोलावलं तर ऐकू येईल का? शेजाऱ्यांनी सप्लाय बदलला. काहीशे रुपयांत काम झालं.

आणि बरा झाला हे ठरवायचं कसं, त्याचाही हिशेब आहे. बिघाड सरासरी दर दोन दिवसांनी एकदा येत असेल, तर निव्वळ योगायोगाने सहा दिवस शांत जाण्याची शक्यता शंभरात पाच. म्हणजे सरासरी अंतराच्या तिप्पट तरी थांबायचं. आम्ही महिनाभर थांबलो. पार्ट बदलून दुसऱ्या दिवशी "बघा, झालं ना!" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. बरेच निरपराध पार्ट असे फासावर गेलेत.

हे एकट्या गांधीबागेचं नाही. २०१९ साली अमेरिकेत ओहायोमधल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावात एका वस्तीतल्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजचे रिमोट बंद पडायला लागले. वीज कंपनीने त्या भागातली वीज तोडून पाहिली, तरी ३१५ मेगाहर्ट्झवरचा सिग्नल तसाच. शेवटी घरोघर शोधत गेल्यावर एका रहिवाशाचं घरी बनवलेलं बॅटरीवरचं यंत्र सापडलं. घरात वर कोणी आहे का हे त्याला त्यावरून कळायचं. त्या बिचाऱ्याला आपल्यामुळे गल्ली अडली आहे ह्याचा पत्ताच नव्हता. त्या सगळ्यांनी नव्या चाव्या घेतल्या असत्या तर?

आता दुसरी बाजू. सर्व्हिस सेंटरमधला पोरगा वाईट नसतो. त्याला दिवसाला इतक्या गाड्या काढायच्या असतात, आणि बिलात पार्टला किंमत असते, ठरलेल्या मजुरीला किंमत असते, डोकं लावायला ओळच नसते. आपणही कमी नाही. "संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे" म्हणणारे आपणच, आणि नुसतं तपासण्याचे पाचशे मागितले तर "केलं काय तुम्ही?" म्हणून भांडणारेही आपणच. निदानाला पैसे द्यायचे नसतील तर अंदाजाला द्यावे लागतात, आणि ते जास्त असतात.

बाहेरच्या हुशार मेकॅनिककडे जावं, तर त्याच्याकडे माहिती नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड सुनावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू देत नाहीत, हे त्यातलं मुख्य कारण. दंडाची लढाई पुढे वरच्या मंचांवर गेली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं, आणि त्यात मोटारी आहेत. चांगलं आहे. पण जॉब कार्ड मात्र जिथल्या तिथेच आहे.

म्हणून मागण्या साध्या. एक, जॉब कार्डावर "तपासलं" एवढंच न लिहिता कुठे, कधी, कशा स्थितीत तपासलं ते लिहा. दोन, बिघाड दिसला नाही तर "आम्हाला दिसला नाही" असं लिहा, "बिघाड नाही" असं नाही. ह्या दोन वाक्यांत मामांच्या झोपेएवढं अंतर आहे. तीन, निदानाची मजुरी वेगळी लावा, मी देईन. चार, "बदलून पाहू" म्हणत बदललेल्या पार्टने फरक पडला नाही, तर तो पार्ट आणि त्याचे पैसे ज्याचे त्याने परत घ्यावेत.

आणि ते "ग्राहकास समजावून सांगितले" तर छापायलाच बंदी हवी. वहीची झेरॉक्स घेऊन मी सर्व्हिस सेंटरला गेलो होतो, निदान त्यांच्या नोंदीत खरं कारण लागावं म्हणून. ॲडव्हायजरने पानं चाळली, हसला आणि म्हणाला, "पण साहेब, आपल्याकडे तर तेव्हाही उघडून राहिली होती ना!"

बर्फी अजून दुकानातच आहे. :-)