मॅग्नेशियमची डबी उघडण्याआधी कॅलेंडर उघडा

"सतत डोकं दुखतंय? म्हणजे तुमच्या शरीरात मॅग्नेशियम कमी आहे!" असं सांगणारा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. पहिल्या वाक्यात निदान, दुसऱ्यात औषध आणि खाली डबी विकत घेण्याची लिंक. माझं भांडण मॅग्नेशियमशी नाही, काही रुग्णांना ते उपयोगी पडतं. भांडण आहे ते डोकेदुखी कोणती, हे न विचारता डबी हातात देण्याच्या पद्धतीशी. यात औषधाच्या दुकानातला सल्लागार आला, व्हॉट्सॲपवरचे काका आले, आणि दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिणारे आम्ही डॉक्टरही आलो.

पुरावा कशाचा आहे?

मॅग्नेशियमवरचे बरेचसे अभ्यास अर्धशिशीच्या, म्हणजे मायग्रेनच्या रुग्णांवर झाले आहेत. १९९६ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात ८१ रुग्णांपैकी काहींना १२ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिलं आणि बाकीच्यांना नकली गोळी. शेवटच्या चार आठवड्यांत मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे झटके सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले, तर नकली गोळी घेणाऱ्यांचे सुमारे १६ टक्क्यांनी. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये हा सगळा पुरावा तपासून, अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियमला 'बहुधा उपयोगी' असं म्हटलं.

याचा अर्थ नीट घ्या. उपयोग झालाच तर तो अर्धशिशीत, झटके कमी होण्यासाठी, आणि दोन-तीन महिने नियमित घेतल्यावर. आत्ता दुखणारं डोकं ही गोळी थांबवत नाही. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत तिचा पुरावा फारच तोकडा आहे.

खरा चोर औषधाच्या डब्यात

महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखत असेल, तर माझा पहिला प्रश्न असतो: "डोकेदुखीची गोळी महिन्यातून किती दिवस घेता?" उत्तर बहुतेकदा "लागली तर घेतो" असं येतं. पुढचा महिनाभर कॅलेंडरवर खुणा केल्या की खरा आकडा कळतो.

साधी पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी महिन्यात १५ दिवस, किंवा कॅफीन मिसळलेली संयुक्त गोळी किंवा अर्धशिशीची ट्रिप्टान गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललं, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. हे चक्र चालू असताना वरून मॅग्नेशियम घेणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

हे चक्र तोडताना पहिले काही दिवस डोकेदुखी वाढू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या मदतीने तोडावं. पण त्यासाठी आधी ते ओळखावं लागतं. "तुमच्यात कमतरता आहे" हे वाक्य नेमकं तेच होऊ देत नाही.

"पण डॉक्टर, नैसर्गिक आहे, नुकसान काय?"

नुकसान आहे.

- मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर जादा मॅग्नेशियम शरीरात साठतं. त्याने रक्तदाब आणि नाडी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.
- थायरॉईडची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स मॅग्नेशियमसोबत घेतली तर नीट शोषली जात नाहीत. त्यांच्यात काही तासांचं अंतर लागतं.
- अनेकांना जुलाब होतात.
- गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नये.

त्यात लेबलचा घोळ. '५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम ग्लायसिनेट' असं लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण ७० मिलिग्रॅमच असतं, बाकीचं वजन ग्लायसिनचं. म्हणून शेजारणीची 'एक गोळी' आणि तुमची 'एक गोळी' यांची तुलनाच होत नाही.

"मग रक्त तपासून घेऊ का?" शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तातल्या द्रवात असतं. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी कमतरता नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून केवळ डोकेदुखीसाठी ही तपासणी करून फारसं काही हाती लागत नाही. बाजरी, नाचणी, डाळी, तीळ, शेंगदाणे, पालेभाज्या जरूर खा. त्या तब्येतीला चांगल्या आहेत, पण त्यांनाही डोकेदुखीचं औषध म्हणून कुणी विकू नये.

मग करायचं काय?

महिनाभर कॅलेंडरवर दोन खुणा करा: डोकं दुखलं तो दिवस, आणि गोळी घेतली तो दिवस. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "माझ्या डोकेदुखीचं नाव काय?" नाव अर्धशिशी निघालं, मूत्रपिंडं ठीक असली, तर मॅग्नेशियमबद्दल खुशाल विचारा. सुरू केलं तर तीन महिन्यांनी तेच कॅलेंडर पुन्हा पाहा. खुणा कमी झाल्या नसतील तर गोळी बंद करा. फरक नसताना वर्षभर डब्या आणत राहण्यात फायदा फक्त विकणाऱ्याचा आहे.

आणि काही वेळा कॅलेंडरचीही वाट पाहायची नाही. एकदम सुरू झालेली असह्य डोकेदुखी, सोबत ताप आणि मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, अचानक कमी दिसू लागणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. पन्नाशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लगेच दाखवा. तिथे डबीने वाया घालवलेला एकेक दिवस महागात पडू शकतो.