बस आपली, मिस्त्री आपला, मग घर बेकायदा का?

मंडळी, आजचं लिखाण भांडणाचं आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचून झाल्यावर "तुला झालं तरी काय?" असे फोन यायला नकोत.

विषय आहे जुन्या बसचा. बस घ्यायची, आतली बाकडी काढायची, दोन पलंग, एक ओटा, एक मोरी बसवायची आणि घर घेऊन हिंडायला निघायचं. अमेरिकेत जुन्या पिवळ्या स्कूलबसची अशी घरं करतात. त्याचे व्हिडिओ पाहून पाहून हे खूळ आता धामणगाव रेल्वेपर्यंत येऊन पोचलंय. आमच्या नात्यातल्या एका रिटायर्ड माणसानेही ते डोक्यात घेतलंय. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

त्यावर घरच्यांचे दोन तट पडले. एक म्हणतो, "आपल्यात असं नसते बापा, लोक काय म्हणतील?" दुसरा म्हणतो, "त्यात काय एवढं, गॅरेजवाला ओळखीचा आहे, करून टाका." मला दोघांशीही भांडायचंय. आणि दोघांशी भांडून झालं की सरकारशी.

आधी पहिला तट. आपल्यात असं नसतं? तमाशाचा फड आठवा. दसऱ्यानंतर बाहेर पडलेली ती माणसं जत्रांमागून जत्रा करत उन्हाळ्यापर्यंत फिरतात, आणि तेवढे महिने त्यांचं घर म्हणजे फडाच्या गाड्या. टूरिंग टॉकीजवाल्यांचं तेच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर अख्खा संसार घेऊन देशभर मीठ आणि धान्य पोचवत होते. आणि लांब कशाला जायचं? शेजारच्या तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून, म्हणजे रुक्मिणीच्या माहेरून, पालखी पंढरपूरला निघते. कुठल्याही दिंडीचा ट्रक एकदा आतून बघा. धान्याची पोती, शेगडी, पाण्याच्या टाक्या, वळकट्या, आणि वर ताडपत्री. हे घर नाही तर काय आहे? तेव्हा "आपल्यात नसतं" हे वाक्य बाद. आपल्यात ते कायम होतं. फक्त ते गरिबाचं होतं, म्हणून कोणी त्याला हौस म्हटलं नाही.

आता दुसरा तट, "करून टाका"वाला. हा जास्त धोक्याचा, कारण तो प्रेमाने बोलतो.

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली : नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर "बस" आणि आत पलंग, अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात झटकायला मोकळी. शिवाय एवढी गाडी चालवायला जड वाहनाचं लायसन्स लागतं, ते वेगळंच.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी आग कोणाचं ऐकत नाही. १ जुलै २०२३ ची पहाट वऱ्हाडातला कोणीही विसरलेला नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, दाराची बाजू खाली गेली, गाडी पेटली आणि २५ माणसं आत जळाली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात आग लागली आणि ९ जण गेले. त्या डब्यात चोरून आणलेला गॅस सिलिंडर होता. दोन्ही गोष्टी एकत्र करून बघा : एकच दार असलेली गाडी आणि तिच्यात स्वयंपाकाचा गॅस. मिस्त्रीने नुसत्या अंदाजाने केलेलं मोटारघर म्हणजे नेमकं हेच.

त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याला हात लावता येत नाही. मग कोणीतरी शहाणा सांगतो की पत्र्याच्या आत थर्माकोल भर, वर प्लायवूड मार. थर्माकोल आणि प्लायवूड! आग लागायला आणखी काय हवं? पाण्याची टाकी छतावर टाकतात, कारण घरावर ती छतावरच असते. पण ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन, तेही डोक्यावर आणि हिंदकळणारं. वळणावर ते गाडीला स्वतःच्या बाजूला ओढतं. टाकी खाली, ॲक्सलच्या जवळ आणि आत आडव्या पट्ट्या असलेलीच हवी. हे कोण सांगणार? व्हिडिओत तर फक्त पडदे आणि कॉफीचे मग दिसतात.

एक आर्थिक गोष्टही सांगून टाकतो. मोठी बस लिटरला चार-पाच किलोमीटर देते. पंढरपूरला जाऊन-येऊन हजार-बाराशे किलोमीटर धरा, म्हणजे दोनशे ते तीनशे लिटर डिझेल. तेवढ्या पैशात नवरा-बायको रेल्वेने जाऊन चांगल्या लॉजवर आठवडाभर राहतील. पैसे वाचतात म्हणून हे कोणी करू नये.

"मग झालं ना? नको म्हण आणि विषय संपव." नाही! माझं खरं भांडण इथून पुढे सुरू होतं.

कारण वर लिहिलेला प्रत्येक धोका तपासता येतो. मागे किंवा उजवीकडे दुसरं दार आहे का? गॅसची पेटी आतून बंद आणि बाहेर उघडणारी आहे का? वायरिंगला फ्यूज आहेत का? पलंग चेसिसला बोल्टने पक्का आहे की नुसता ठेवलाय? टाकी कुठे आहे? वजनकाट्यावर गाडी किती भरते? जाणता माणूस दोन तासांत हे बघून होईल. वजनाची तर अडचणच नाही. ४५ माणसं उतरली की तीन टन उतरले, त्यात अख्खा संसार बसतो. जर्मनीत अशी एकटी-दुकटी गाडी तपासून तिची मोटारघर म्हणून नोंद करतात. इंग्लंडमध्येही गाडीचा प्रकार बदलून घ्यायला अर्ज करता येतो.

आणि आपल्याकडे? खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनप्रकार केंद्राच्या यादीत आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानकही आहे. म्हणजे चाकावरच्या घराला देशाची ना नाही. ना आहे ती एकट्या माणसाला, त्याच्या एका गाडीला. मानक, नमुना, चाचणी हे सगळं कंपनीने गाड्या बनवून विकाव्यात या हिशेबाने रचलेलं. धामणगावचा एक मिस्त्री आणि एक रिटायर्ड मास्तर त्यात कुठेच बसत नाहीत.

हे तांत्रिक कारणाने आहे असंही म्हणता येत नाही. त्याच कलम ५२ मध्ये एक चांगली सोय आहे. अपंग व्यक्तीसाठी स्वतःच्या गाडीत बदल करून घ्या आणि आरटीओची मंजुरी नंतर घ्या, असं कायदा म्हणतो. म्हणजे एका माणसाची एक गाडी तपासून पास करणं कायद्याला माहीत आहे. मग तीच वाट इथे का नको?

आता एसटीचंच बघा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रवासी नव्हते, तेव्हा महामंडळाने जुन्या बसच्या मालगाड्या केल्या. पुण्यात जुन्या सिटी बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली. दोन्ही कामं उत्तम. याचा अर्थ जुन्या बसचं दुसरं काही होऊ शकतं हे सरकारला पटलेलं आहे. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये नुसत्या चेसिसवर बॉडी बांधणाऱ्या माणसांच्या पिढ्या गेल्या. रिव्हेट कुठे मारायचं आणि पत्रा कुठे जोडायचा हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. पण १ एप्रिल २०२३ पासून नियम आला : सरकारी मालकीची गाडी, त्यात एसटीही आली, १५ वर्षांची झाली की नोंदणी संपली आणि तिने थेट नोंदणीकृत भंगार केंद्रात जायचं. धूर कमी व्हावा, हा हेतू मला मान्य आहे. पण वर्षभरात पाच-सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या एका गाडीच्या धुराची चिंता आणि रोज तीन-चारशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीच्या धुराची चिंता एकाच तराजूत? आणि रस्त्यावर नको तर नको, निदान इंजिन काढलेला सांगाडा तरी लिलावात द्या. तीस फूट लांब, पावणेआठ फूट रुंद, म्हणजे सव्वादोनशे चौरस फुटांच्या वर जागा. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाची किमान मर्यादा २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे. शेतात राखणीला, कापूस वेचायला आलेल्या मजुरांना राहायला, याहून पक्की खोली कोण देतो आज?

याच्या उलट बाजूला २०२१ चं राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण ठेवा. कॅराव्हॅन पार्क, गुंतवणूकदार, सवलती, सगळं आहे. वाचून आनंद झाला. पण त्यातली कॅराव्हॅन विकत किंवा भाड्याने घ्यायची, बनवायची नाही. सिनेमातल्या नटाला सेटवर चाकावरची खोली मिळते, धंदेवाल्याला पार्क काढायला सवलत मिळते, दिंडीच्या ट्रकमध्ये शेगडीशेजारी माणसं झोपतात तिकडे सगळे डोळे मिटतात. आणि जो म्हणतो, "या, माझी गाडी तपासा, चूक असेल तर सांगा," त्यालाच दार बंद. न तपासलेलं चालतं, तपासून घ्यायला आलेलं चालत नाही! सुरक्षेच्या नावाखाली हा नियम सुरक्षेलाच मारतो. कारण बंदीने खूळ जात नाही, ते गॅरेजच्या मागच्या बाजूला जातं. आणि तिथे थर्माकोल असतो.

माझं मागणं फार नाही. पहिलं, एका गाडीसाठी एक तपासणी : पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने साध्या मराठीत दोन पानांची यादी करावी, आणि त्या यादीबरहुकूम अमरावतीच्या आरटीओत गाडी पास किंवा नापास व्हावी. फी घ्या, दरवर्षी बोलवा, नापास केली तर कुरकूर नाही. दुसरं, एसटीचे सांगाडे उभ्या वापरासाठी लोकांना द्या. तिसरं, एसटी आगारांच्या आवारात रात्री अशा गाडीला पैसे घेऊन जागा द्या. पाणी, दिवे, संडास, चौकीदार तिथे आहेतच. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो, आणि रात्री झोप आवरत नसलेल्या ड्रायव्हरला सुरक्षित थांबायला जागा किती आहेत ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना विचारा.

गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. स्वतः आयुष्यभर पायी हिंडले आणि बांधल्या काय, तर पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा. वाटेवरच्या माणसाला पाठ टेकायला जागा हवी, एवढं त्यांना कळलं होतं. आज एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याला तीच जागा स्वतःबरोबर न्यायची आहे, कारण तिला गुडघ्यांमुळे लॉजचे जिने चढवत नाहीत आणि बस स्टँडवरचा संडास वापरवत नाही. यात हौस किती आणि गरज किती, हे ठरवायला आपण कोण?

तेव्हा पहिल्या तटाने नावं ठेवणं थांबवावं आणि दुसऱ्या तटाने वेल्डिंग मशीन खाली ठेवावं. नियम होईपर्यंत बाकडी काढू नका. त्याऐवजी आमदाराला एक पत्र लिहा. मी लिहिलंय. नक्कल हवी असेल तर घरी या, चहा होईलच.