विश्लेषण : फोटो पाठवा, ठिकाण नको! उमरेडच्या जंगलात चांदण्या रात्रीची भटकंती करता येते का?

पौर्णिमा जवळ आली की मित्रांच्या ग्रुपवर बेत शिजू लागतात. नागपूरहून तासा-दीड तासावर उमरेड, पुढे कऱ्हांडल्याचे जंगल, वर टिपूर चांदणे आणि हातात रात्रीचेही फोटो काढणारा मोबाइल. बेत झकास वाटतो. मात्र यातला कोणता भाग कायद्यात बसतो, कोणता जिवावर बेतू शकतो आणि आपण सहज पाठवलेल्या एका फोटोचे जंगलात काय होते, हे समजून घेतल्याशिवाय निघू नये.

गोठणगावात काय घडले होते?

३१ डिसेंबर २०२४. सरत्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात 'एफ-२' ही वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. पर्यटकांच्या जिप्सी दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या आणि वाघिणीची वाट अडली. फोटो आणि व्हिडीओ समाजमाध्यमांवर पसरले, वर्तमानपत्रांत छापून आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. वनविभागाने संबंधित जिप्सीचालक आणि गाइड यांच्यावर निलंबनाची आणि दंडाची कारवाई केली.

या प्रकरणात मोबाइलची भूमिका दुहेरी आहे. वाघीण अगदी जवळून टिपण्याच्या हव्यासापायी कोंडी होते, आणि ती कोंडी जगापुढे येते तीही कॅमेऱ्यामुळेच. त्यामुळे 'जंगलात फोटो नकोच' हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही. फोटो कसा काढला आणि काढल्यावर त्याचे काय केले, हे पाहावे लागेल.

जंगलात फोटो काढणे गुन्हा आहे का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कोणत्या कारणांसाठी देता येते, याची यादी आहे. त्यात पर्यटनाबरोबर छायाचित्रणाचाही समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात अधिवासाला बाधा न आणण्याची अट स्पष्ट केली. कलम २७ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही आणि वन्यप्राण्याला त्रास देणे किंवा तिथे कचरा टाकणे यालाही मनाई आहे.

मोबाइलचा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात दिलेल्या निकालात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइल वापरण्यास मनाई केली आणि रात्रीच्या पर्यटनावर बंदी घातली. हा आदेश व्याघ्र प्रकल्पांसाठी आहे आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे २०१२ मध्ये अभयारण्य म्हणून अधिसूचित झाले आहे, असा मुद्दा कोणी काढेल. पण गेटवर जो नियम लागू असेल तो पाळायचाच आहे. शिवाय न्यायालयाने ज्या त्रासाकडे बोट दाखवले, तो गोठणगावच्या वाघिणीने सोसलेल्या त्रासाहून वेगळा नाही.

फोटोसोबत ठिकाण पाठवल्याने काय बिघडते?

हे अभयारण्य फार मोठे नाही. क्षेत्रफळ सुमारे १८९ चौरस किलोमीटर. नागपूर जिल्ह्यातले उमरेड, कुही, भिवापूर आणि भंडारा जिल्ह्यातला पवनी अशा चार तालुक्यांत ते पसरले आहे. भोवती गावे, शेते, गुरेढोरे, वैनगंगा आणि गोसीखुर्दचे पाणी. इथल्या वाघांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना शेतशिवारातूनच वाट काढावी लागते. अशा ठिकाणी 'अमुक पाणवठ्यावर वाघीण आणि पिल्ले' एवढे वाक्यही नेमका पत्ता ठरते.

या जंगलाला त्याचा अनुभव आहे. नागझिऱ्यातून २०१३ मध्ये इथे आलेला 'जय' हा वाघ इतका प्रसिद्ध झाला की त्याच्या दर्शनासाठी गेटवर रांगा लागत. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल २०१६ पासून तो बेपत्ता झाला, तो पुन्हा सापडला नाही. त्याचा वंशज मानला जाणारा 'श्रीनिवास' २०१७ मध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने मेला. १ जानेवारी २०२१ रोजी याच अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे मृतावस्थेत आढळले. मेलेल्या वासरावर विष टाकल्याच्या आरोपावरून एका शेतकऱ्याला अटक झाली.

यातला कोणताही मृत्यू फोटोमुळे झाला, असे म्हणण्याला आधार नाही. मुद्दा इतकाच की वाघ कुठे वावरतो ही माहिती या परिसरात निरुपद्रवी राहत नाही. ती पर्यटकाच्या हाती पडली तर गर्दी होते. शिकाऱ्याच्या हाती पडली तर सापळा लागतो. गोठ्यातले जनावर गमावलेल्या माणसाच्या हाती पडली तर त्याच्या रागाला ठिकाण मिळते.

याउलट, ठिकाण सांभाळून वापरले तर फोटोसारखे दुसरे साधन नाही. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. देशातली व्याघ्रगणना आज त्याच आधारावर, कॅमेरा ट्रॅपने काढलेल्या फोटोंवरून होते. या कॅमेऱ्यांनाही वाघाचा पत्ता ठाऊक असतो, पण तो जाहीर होत नाही. आपल्या ग्रुपनेही हाच धडा घ्यायला हवा.

चांदण्या रात्री अभयारण्यात पायी जाता येते का?

नाही. अभयारण्यात पर्यटकांचा प्रवेश ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या गेटमधून, नोंदणीकृत वाहनातून आणि गाइडसोबतच असतो. 'मागच्या बाजूने शिरू, कोण बघतो' ही फुशारकी कायद्याच्या भाषेत विनापरवाना प्रवेश ठरते. अधिनियमाच्या कलम ५१ नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कायदा बाजूला ठेवला तरी रात्रीचे गणित आपल्या विरोधात आहे. पौर्णिमेचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, पण झाडाखाली तो पोहोचत नाही. आपल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती सवय क्षणात मोडते. वाघ-बिबट्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी कमी उजेड पुरतो. मण्यार आणि घोणस यांचा वावरही रात्रीचाच.

याहून मोठा धोका माणसानेच उभा केलेला आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही शेतकरी धुऱ्यावर तार ओढून तीत बेकायदा वीजप्रवाह सोडतात. 'श्रीनिवास'चा जीव अशाच प्रवाहाने घेतला. या तारांनी माणसेही मेली आहेत. चांदण्यात ही तार दिसत नाही. त्यामुळे अभयारण्याबाहेरचे शेतशिवारही रात्री अनोळखी माणसाने तुडवू नये.

मग बुद्धपौर्णिमेच्या मचाणरात्रीचे काय?

वैशाखात विदर्भातले नाले आटतात, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात. त्यात पौर्णिमेचा उजेड. म्हणून बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणीवर बसून प्राणी मोजण्याची प्रथा पडली. कॅमेरा ट्रॅप आल्यावर शास्त्रीय गणनेसाठी तिची गरज उरली नाही. पुढे वनविभागाने 'निसर्गानुभव' या नावाने काही जंगलांत निवडक लोकांना ही रात्र अनुभवू दिली. मचाणीवर गप्प बसायचे, दिवा लावायचा नाही, खाली उतरायचे नाही, हे तिचे नियम. रात्रीच्या पर्यटनाबाबत आता न्यायालयाचा आदेश आहे. त्यामुळे उपक्रम होणार का, कुठे आणि कोणासाठी, हे फक्त वनविभागाच्या अधिकृत सूचनेवरूनच ठरवावे. 'माझी ओळख आहे, मचाण मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

चांदणे पाहायचे कुठे?

चांदण्याला जंगलच हवे असे नाही. कोजागरीला आपल्याकडे गच्चीवर दूध आटते, विदर्भात भुलाबाईची गाणी होतात, ती घराच्या अंगणात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. म्हणजे संध्याकाळी निघून दहाच्या आत परतायचे असेल तर चतुर्दशी आणि पौर्णिमा हे दोनच दिवस सोयीचे.

कुही तालुक्यातले अंभोरा जवळच आहे. वैनगंगेच्या काठावरचे हे जुने तीर्थस्थान. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' इथेच लिहिला, अशी एक परंपरा सांगते. पवनीला वैनगंगेचे जुने घाट आहेत. कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकच्या गडावर मंदिरात त्रिपूर पेटतो, तेव्हा गडाच्या वाटेवर माणसांची वर्दळ असते. वस्तीचा, उजेडाचा, लोकांचा आधार असलेली ठिकाणे निवडली की चांदणेही मिळते आणि कोणाच्या घरात घुसल्यासारखेही होत नाही.

जाण्याआधी गावातल्या कोणाला तरी, शक्यतो पोलीस पाटलांना, कळवावे. बिबट्या दिसल्याची चर्चा असेल तर बेत पुढे ढकलावा. बूट घालावेत, विजेरीच्या काचेवर लाल कागद लावावा म्हणजे डोळे दिपत नाहीत. गाण्याचा स्पीकर घरी ठेवावा. वन्यप्राण्याची अडचण आली तर वनविभागाची '१९२६' ही हेल्पलाइन आहे, इतर संकटात '११२'.

फोटो कसा काढायचा आणि कसा पाठवायचा?

रात्री फ्लॅश बंद ठेवा. त्याचा उजेड काही फुटांपलीकडे जात नाही, समोरच्या प्राण्याला मात्र दिपवतो. चंद्राखालची नदी टिपायची तर मोबाइल दगडावर किंवा तिपाईवर टेकवा, नाइट मोड लावा आणि काही सेकंद हात लावू नका. हातात धरून काढलेला फोटो हलतोच.

पाठवताना चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले लोकेशन बंद करावे. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर तिच्यात दडलेले अक्षांश-रेखांशही सोबत जातात. दुसरी, मजकुरात अभयारण्याचे नाव पुरे, गेट, रस्ता आणि पाणवठा नको. फोटोत पाणवठ्याची पाटी आली असेल तर तेवढा भाग कापावा. तिसरी, जंगलातून थेट काही पाठवू नये. वाघ दिसलेला फोटो काही दिवसांनी पाठवला तरी तो तितकाच सुंदर असतो. चौथी, पिल्ले, घरटे किंवा गुहा यांचे फोटो घरच्या अल्बममध्येच राहू द्यावेत.

जबाबदारी कोणाची?

गोठणगावच्या घटनेनंतर चालक आणि गाइड घरी बसले. त्यांची चूक होतीच. पण गाइड बहुतेक जवळच्या गावातला तरुण असतो आणि 'वाघ दाखव, खूश करू' ही मागणी त्याच्यामागच्या सीटवरून येते. वाघाच्या तोंडापर्यंत गाडी नेणाऱ्याला बक्षिसी आणि अंतर राखणाऱ्याला नाराजी मिळत असेल, तर निलंबनाने सवयी सुटणार नाहीत. गाडी थांबवण्याऐवजी मागे घेणाऱ्या गाइडचे कौतुक करणे, त्याला तितकीच बक्षिसी देणे, हे पर्यटकाच्या हातात आहे. नियम मोडायला लावणाऱ्या पर्यटकावरही कारवाई व्हायला हवी. तसेच वनविभागाने बफर भागातल्या गावांना सोबत घेऊन चांदण्या संध्याकाळी वस्तीलगत आकाशदर्शनासारखे उपक्रम सुरू केले, तर लोकांची हौसही भागेल आणि गावातल्या तरुणांना जिप्सीपलीकडचे काम मिळेल.

जंगलाशी जगण्याचा संबंध असलेल्या माणसांचीही आठवण ठेवावी. मे २०२५ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यांना जंगलात जाण्यावाचून पर्याय नव्हता. आपल्याला आहे. ज्या वाघाला गर्दीने चिडवले, वाट सोडायला लावले, तो पुढे कोणाच्या शिवारात जाईल हे सांगता येत नाही आणि त्याची किंमत मोजणारे लोक आपल्या ग्रुपमध्ये नसतात.

पौर्णिमेचा बेत जरूर आखावा. चांदणे नदीकाठी पाहावे, फोटो मित्रांना पाठवावेत आणि वाघाचा पत्ता स्वतःजवळच ठेवावा.