जनुकचाचणीआधी विम्याचे काय?

आईला चाळिशीत स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए-१ या जनुकाची चाचणी सुचवली जाते. आईच्या या जनुकात दोष सापडला, तर तो मुलीत (आणि मुलातही) उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. असा दोष असलेल्या दहापैकी सहा-सात स्त्रियांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका ४० टक्क्यांच्या आसपास आहे. एवढे डॉक्टर सांगतात. चाचणीचा अहवाल पुढे विम्याच्या कागदपत्रांत काय घोळ घालू शकतो, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते.

अमेरिकेत हा प्रश्न ठसठशीत दिसतो. तिथे २००८च्या ‘जीना’ कायद्यामुळे जनुकीय माहितीवरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारता येत नाही. पण आयुर्विमा आणि दीर्घकालीन अपंगत्वाचा विमा या कायद्यातून वगळलेला आहे. आजारपणामुळे महिनोन्‌महिने काम बंद पडले तर पगाराचा काही हिस्सा देणारा हा विमा. तो वैयक्तिकरीत्या घेताना बहुतेक राज्यांत कंपनी चाचणीचा निकाल विचारू शकते, घराण्यातला कर्करोगही विचारू शकते. मग हप्ता वाढतो किंवा अर्जच फेटाळला जातो. फ्लोरिडाने २०२०मध्ये यावर बंदी घातली. इतरत्र समुपदेशक ‘आधी पॉलिसी, मग चाचणी’ असे सुचवतात. वैद्यकीयदृष्ट्या हा क्रम उलटाच, पण व्यवहाराला धरून आहे.

विमा नाकारताना जे जनुक पुरेसे ठरते, ते लाभ मागताना पुरत नाही. अमेरिकी सामाजिक सुरक्षेचा अपंगत्व लाभ मिळायला काम करण्याची असमर्थता किमान १२ महिने टिकणारी असावी लागते. केवळ दोष असलेली स्त्री निरोगीच धरली जाते. बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. जखम काही आठवड्यांत भरते. पण त्यानंतर अचानक येणारी रजोनिवृत्ती, उडालेली झोप, अंगातून निघणाऱ्या वाफा आणि ठिसूळ होणारी हाडे यांचा हिशेब शस्त्रक्रियेच्या रजेत बसत नाही.

भारतात चित्र वेगळे आहे, कारण मुळात असा विमा असणारेच थोडे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे आनुवंशिक आजार त्यात आहेत, कर्करोग नाही. कर्करोगामुळे हात-पाय गमावला, तर त्या अवयवाच्या अपंगत्वाचा दाखला मिळतो. राज्य कामगार विमा योजनेत महिना २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना कर्करोगासाठी वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो; त्यासाठी आधीची दोन वर्षे सलग नोकरी लागते. ही तरतूद अनेक कामगारांना ठाऊकच नसते.

दाव्याच्या कागदांत डॉक्टरांचे प्रमाणपत्र कळीचे ठरते. ‘बीआरसीए पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र उपयोगाचे नाही. हात खांद्याच्या वर जातो का, किती वजन उचलता येते, सलग किती वेळ बसता येते, ही स्थिती कधीपासून आहे आणि किती काळ राहील, हे त्यात यायला हवे. ते रुग्णानेच आठवणीने लिहून मागावे.