ट्रॅकचे ब्रेक आंबा घाटात चालतात का?

मोठी डिस्क, रेसिंग पॅड, कडक सस्पेन्शन बसवलं की स्पोर्ट्स कार घाटातही सेफ, असं अनेकांना वाटतं. पण रत्नागिरी-कोल्हापूर मार्गावरचा आंबा घाट म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई ट्रॅक नव्हे.

नेमकं काय होतं?
ब्रेक गाडीच्या गतीचं उष्णतेत रूपांतर करतात. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. रेसिंग पॅड तापल्यावरच नीट पकडतात. थंड असताना पहिल्याच वळणावर कमी पडू शकतात. खड्ड्यांत कडक सस्पेन्शनमुळे टायरची पकड सुटते.

मग आधी काय बदलायचं?
ब्रेक ऑइल. मानकानुसार नव्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा फक्त १५५ आहे. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाहीत.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही.

घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. वेगाची हौस ट्रॅकवरच भागवा. तिथे समोरून एसटी येत नाही.