लॉर्ड लोथियन : औदार्य आणि मालमत्ता

12 डिसेंबर 1940 रोजी, लंडनवर जर्मन बाँबचा वर्षाव चालू असताना, ब्रिटनचे अमेरिकेतील राजदूत लॉर्ड लोथियन वॉशिंग्टन येथे निवर्तले. ख्रिश्चन सायन्स पंथावरील श्रद्धेपायी त्यांनी वैद्यकीय उपचार नाकारले होते. स्कॉटलंडमधील जुन्या सरदार घराण्याचे हे अकरावे मार्क्विस लिबरल पक्षाचे होते आणि विचाराने खरोखरच उदार होते. म्हणूनच त्यांच्या चरित्राकडे समाजवाद्यांनी बारकाईने पाहिले पाहिजे.

1932 साली भारतासाठी नेमलेल्या मताधिकार समितीचे ते अध्यक्ष होते. डॉ. आंबेडकर तिचे सभासद. अस्पृश्यांच्या प्रश्नावर त्यांना वेगळे टिपण द्यावे लागले. सुमारे 70 लाख असलेली मतदारसंख्या 3 कोटी 60 लाखांपर्यंत वाढवावी, अशी समितीने शिफारस केली. ही वाढ क्षुल्लक नव्हती. परंतु मताची मुख्य कसोटी मालमत्ता हीच राहिली, तिला शिक्षणाची जोड मिळाली एवढेच. प्रौढ मताधिकार मात्र अव्यवहार्य ठरला. भूमिहीन शेतमजुराने थांबावे! वीस वर्षांनी, 1951-52 साली, बहुसंख्य निरक्षर असलेल्या याच देशाने सुमारे 17 कोटी 30 लाख मतदारांची निवडणूक पार पाडली.

लोथियन कोत्या मनाचे नव्हते. जानेवारी 1938 मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींकडे राहून गेले. नेहरूंशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. 1935 च्या कायद्याच्या चौकटीतूनच पुढे जावे, असा त्यांचा आग्रह असे.

हेच सौजन्य त्यांना 1935 आणि 1937 साली हिटलरच्या भेटीस घेऊन गेले. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अन्याय केला, हे त्यांचे शल्य प्रामाणिक होते. पण त्या अन्यायाचे भांडवल करणाऱ्याने कामगार संघटना मोडल्या होत्या, समाजवाद्यांना छळछावण्यांत डांबले होते. लोथियन यांच्या हिशेबात ते दुय्यम ठरले. 1939 मध्ये प्राग पडल्यावर त्यांचे डोळे उघडले. त्यानंतर राजदूत म्हणून त्यांनी केलेली कामगिरी मोलाची आहे, हे मान्य केलेच पाहिजे : 1940 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या 50 विनाशिका ब्रिटनला मिळाल्या, त्यात त्यांच्या खटपटीचा वाटा मोठा होता.

ब्लिकलिंग हा आपला वाडा त्यांनी मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला दिला. सरदारांनी आपले वाडे ट्रस्टच्या स्वाधीन करावेत, त्यांवरील मृत्युकर टळावा आणि कुटुंबाने तेथेच राहावे, ही योजना मुळात त्यांनीच 1934 साली मांडली होती; 1937 मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला.